निषेध पुरे, आता पट मांडा!

दरवर्षी ५ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. १८४३ साली सांगलीत, संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने, विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हा नाट्यप्रयोग सादर केला, त्याचे हे स्मरण. नाट्यगृहांत नटराजाचे पूजन होते, श्रीफळ वाढवले जाते, ज्येष्ठ रंगकर्मींचा सत्कार होतो. हे सारे उचितच आहे. पण अशा सत्कार समारंभाहून घरी परतलेल्या आजोबांना दिवाणखान्यात काय दिसते? सातवीतला नातू आईच्या मोबाइलवर डोळे खिळवून बसलेला असतो. पडद्यावर कुठल्याशा अनोळखी बेटावर कुठलासा अनोळखी सैनिक बंदूक घेऊन धावत असतो. त्या खेळातील डझनभर बंदुकांची नावे नातवाला मुखोद्गत असतात. अंगद कोण, नल-नील कोण, असे विचारले तर तो मान वर न करता 'माहीत नाही' म्हणतो.

हे दृश्य एकट्या सांगलीचे नाही. मिरज, कराड, वाई, सातारा, कोरेगाव, विटा, तासगाव, कुठल्याही गावातील कुठल्याही सुशिक्षित घरात ते दिसेल. आणि या दृश्यावरची समाजाची प्रतिक्रियाही ठरलेली आहे. आधी मुलाला रागावायचे, मग मोबाइलला दोष द्यायचा, त्यानंतर पाश्चात्त्य संस्कृतीला, आणि अखेरीस सरकारने बंदी घालावी अशी मागणी करायची.

बंदीही घालून झाली. सप्टेंबर २०२० मध्ये 'पबजी मोबाइल'वर केंद्र सरकारने बंदी आणली. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फ्री फायर' त्याच यादीत गेला. राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने ते निर्णय आवश्यक होते, यात शंका नाही. पण मुलांच्या हातातला मोबाइल काही रिकामा राहिला नाही. जुलै २०२१ मध्ये 'पबजी'चाच भारतीय अवतार नव्या नावाने आला, मध्यंतरी थांबला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. बंदी ही भिंत असते. भिंतीच्या आत काय असावे, हे ती सांगू शकत नाही. पडीक ठेवलेल्या जमिनीत गवत माजते, हे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. मग सुशिक्षित समाजालाच ते का उमगू नये?

खरा प्रश्न बंदीचा नाही. खरा प्रश्न असा आहे की, ज्या समाजाने नाटक, कीर्तन, भारूड, दशावतार, लेझीम आणि आखाडा यांतून शतकानुशतके रंजन आणि संस्कार एकत्र साधले, तो समाज आजच्या मुलांच्या सर्वांत आवडत्या माध्यमापुढे हात बांधून का उभा आहे?

ख्रिस्ती निर्मात्यांची तीन दशके

हाच प्रश्न अमेरिकेतील श्रद्धाळू ख्रिस्ती पालकांना तीस-पस्तीस वर्षांपूर्वी पडला होता. मुले दिवसदिवस व्हिडिओ गेम खेळतात, त्यात ना प्रार्थना ना बायबल. तेथील काही मंडळींनी निषेधावर न थांबता गेम बनवायला घेतले. त्यांचा मार्ग, त्यांच्या चुका आणि त्यांचा चिवटपणा हिंदू समाजाने डोळसपणे अभ्यासण्यासारखा आहे.

१९९१ साली विस्डम ट्री या कंपनीने 'बायबल ॲडव्हेंचर्स' हा गेम बाजारात आणला. निन्टेंडो या जपानी कंपनीच्या यंत्रावर तो चाले, पण निन्टेंडोचा परवाना त्याला नव्हता. त्यामुळे खेळण्यांच्या मोठ्या दुकानांऐवजी धार्मिक पुस्तकांच्या दुकानांतून त्याची विक्री झाली. व्यापाराची ही कल्पना चतुर होती. गेम मात्र सामान्य होता. बाळ मोशेला उचलून सुखरूप न्यायचे, अशी त्यातील एक कथा. पण चुकीचे बटण दाबले की खेळणारा त्या बाळालाच भिरकावून देई! ज्या प्रसंगाने मुलांच्या मनात करुणा आणि श्रद्धा जागावी, त्यावर मुले खो-खो हसत.

१९९४ साली याच कंपनीने 'सुपर थ्री-डी नोहाज आर्क' आणला. 'वोल्फेनस्टाइन थ्री-डी' हा नाझी सैनिकांना गोळ्या घालण्याचा गेम तेव्हा लोकप्रिय होता. त्याचाच सांगाडा घेतला, बंदुकीच्या जागी गलोल दिली, गोळ्यांच्या जागी चारा दिला आणि सैनिकांच्या जागी शेळ्या-मेंढ्या उभ्या केल्या. चारा मारला की प्राणी झोपी जाणार. कथा नोहाच्या जहाजाची, पण हाताला सवय लागली ती नेम धरण्याची. पुढे २००६ साली 'लेफ्ट बिहाइंड: इटर्नल फोर्सेस' आला. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर धर्मसैन्य उभारायचे, लढाई करायची, आत्मबल घटले की बटण दाबून प्रार्थना करायची! त्यावर टीकेची झोड उठली आणि टीका करणाऱ्यांत अनेक ख्रिस्तीही होते.

इथे उपहास करून थांबणे सोपे आहे. पण ही मंडळी अपयशाने खचली नाहीत. २००२ पासून ख्रिस्ती गेमनिर्मात्यांची स्वतंत्र परिषद तेथे भरू लागली. 'आपले गेम कंटाळवाणे का होतात?' हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. आणि जानेवारी २०१६ मध्ये 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' हा गेम आला. रायन आणि एमी ग्रीन या दांपत्याचा चिमुकला मुलगा जोएल कर्करोगाने पाचव्या वर्षी गेला. त्याच्या आजारपणाची ती कहाणी. एका प्रसंगात रुग्णालयाच्या खोलीत बाळ रडत राहते. खेळणारा काहीही करो, रडणे थांबत नाही. वडील हतबल होऊन प्रार्थना करतात, तेव्हाच ते शांत होते. येथे गुण मिळवायचे नाहीत, कुणाला हरवायचे नाही. हतबलता आणि श्रद्धा हीच त्या खेळाची रीत. २०१७ साली या गेमला ब्रिटनचा प्रतिष्ठेचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. ईश्वरावर विश्वास नसलेल्यांचेही डोळे त्याने पाणावले.

नोहाचे जहाज आणि जोएलची खोली यांत अंतर कशाचे आहे? पहिल्यात चित्र धर्माचे होते आणि नियम उसना होता. दुसऱ्यात नियमच श्रद्धेतून जन्मला होता. सगळा मुद्दा या एका वाक्यात आहे: खेळातील धर्म चित्रात नसतो, नियमात असतो.

साताऱ्याचा दरबार

याच सत्याचा एक दाखला साताऱ्याने शंभर वर्षांपूर्वी पाहिला आहे. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्मांतराविषयी हिंदू समाजाची भूमिका स्पष्ट आहे आणि ती येथे बदलण्याचे कारण नाही. पण टिळकांच्या आयुष्यातील एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. परदेशी मिशनऱ्यांच्या चालीवर बेतलेली गाणी मराठी माणसाच्या हृदयात उतरत नाहीत, हे त्यांनी ओळखले. त्यांनी अभंग लिहिले, ओवी हाताळली, ख्रिस्ती कीर्तनाचा पुरस्कार केला. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, साताऱ्यात येऊन राहिले आणि तेथे 'देवाचा दरबार' मांडला. १९१९ साली त्यांचे निधन झाले. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे हा सारा प्रवास मराठी वाचकांना ठाऊक आहे.

टिळकांनी कीर्तनाचा केवळ अंगरखा घेतला नाही. कीर्तनकार आणि श्रोता यांच्यात जे नाते असते, टाळ-मृदंगाच्या साथीत श्रोता जसा स्वतः गाऊ लागतो, ती कीर्तनाची आतली रीत त्यांनी घेतली. म्हणून ते रुजले. अमेरिकेतील कंपनीने मात्र खेळाचा बाहेरचा सांगाडा उचलला आणि त्यावर धर्माचा रंग फासला. म्हणून ते घसरले.

आता आत्मपरीक्षणाचा क्षण येतो. ज्या कीर्तनाचे सामर्थ्य एका ख्रिस्ती कवीने ओळखले, ते ज्यांच्या अंगणात जन्मले त्यांना मोबाइलच्या युगात त्या सामर्थ्याचा विसर का पडावा?

सोंगट्यांचा धर्म

कारण खेळातून धर्म सांगण्याची विद्या हिंदू समाजाला नवी नाही. मोक्षपट आठवावा. परंपरा या खेळाचे जनकत्व संत ज्ञानेश्वरांकडे देते. अभ्यासकांत त्याविषयी एकमत नाही, परंतु महाराष्ट्रात हा पट मोठ्या प्रेमाने खेळला गेला हे निर्विवाद. कवड्या टाकायच्या आणि सोंगटी पुढे न्यायची. सद्गुणाच्या घरात शिडी, दुर्गुणाच्या घरात साप. काम, क्रोध, लोभ यांनी माणूस खाली घसरतो. दया, भक्ती, सत्संग यांनी वर चढतो. येथे उपदेश वेगळा करावा लागत नाही. साप गिळतो तेव्हा मूल हळहळते, शिडी लाभते तेव्हा टाळी पिटते, आणि त्या हळहळीत नि टाळीतच शिकवण असते.

हा पट इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला नेला. हळूहळू त्यातील गुण-दुर्गुण गळून गेले आणि उरली ती सापशिडी. आज भारतीय मुले ती छापील सापशिडी खेळतात आणि तिच्यामागचा मोक्ष त्यांच्या आई-वडिलांनाही ठाऊक नसतो.

सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहावी. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, एकूण एकशे वीस. दिवसा खेळ मांडला तर रामाच्या पानाने प्रारंभ, रात्री मांडला तर कृष्णाच्या. डाव खेळणाऱ्याला अवतारांची नावे पाठ करावी लागत नसत. ती हातात येत. करमणूक आणि भक्ती यांच्यामध्ये भिंत आहे, अशी कल्पनाच या मातीत नव्हती. ती भिंत अलीकडे उभी राहिली आहे आणि ती उभारणाऱ्यांत केवळ परकीय नाहीत. 'देवाधर्माच्या गोष्टीत खेळ कसला?' असे म्हणणारे सोवळे स्वकीयही आहेत.

'देव हरला तर?'

या स्वकीयांचा आक्षेप उडवून लावण्यासारखा मात्र नाही. २००९ साली हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीज या कंपनीने सोनीच्या प्लेस्टेशनसाठी 'हनुमान: बॉय वॉरियर' हा गेम तयार केला. तेव्हा अमेरिकेतील काही हिंदू मंडळींनी आक्षेप घेतला की, भक्त ज्याच्यापुढे हात जोडतो, त्या देवतेला कुणीही बटणाने नाचवावे हे अनुचित आहे. २०१२ साली 'स्माइट' या अमेरिकी गेममध्ये कालीमातेचे अश्लाघ्य चित्रण झाले, त्यावरही निषेध झाला. तो निषेध योग्यच होता. श्रद्धास्थानांचा बाजार मांडणाऱ्यांना जाब विचारलाच पाहिजे.

पण जाब विचारून झाल्यावर पुढे काय? 'देवाला खेळात आणू नका' एवढेच उत्तर असेल, तर ते सांगलीच्या इतिहासाशी विसंगत आहे.

१८४२ साली होन्नावरजवळच्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीत आली. त्यांचा कानडी खेळ पाहून चिंतामणरावांनी विष्णुदासांना सांगितले की, असे काही मराठीत करावे. पण जसेच्या तसे नव्हे, सुधारून. विष्णुदासांनी तेच केले. प्रारंभी सूत्रधाराचे मंगलाचरण, मग विदूषकाशी त्याचा विनोदी संवाद, गणपतीचे आगमन, सरस्वतीचे नृत्य, आणि त्यानंतर रामकथा. राक्षस 'अललडुर्र' करीत आरोळ्या ठोकत आणि पोरे दचकून आईला बिलगत. राम झालेला मुलगा गावातलाच कुणी ओळखीचा असे. तरीही तो रंगमंचावर आला की प्रेक्षक हात जोडत. विदूषकाच्या विनोदाने गणपतीचे पावित्र्य ढळले नाही, राक्षसाच्या आरोळीने रामाची प्रतिमा डागाळली नाही. हसणे कुठे आणि हात जोडणे कुठे, हे प्रेक्षकाला नेमके कळत होते, कारण रचनाकाराला ते आधी कळले होते.

१८५१ साली चिंतामणराव निवर्तले, राजाश्रय संपला. विष्णुदास रडत बसले नाहीत. मंडळी घेऊन ते गावोगाव फिरले आणि १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग केले. धर्मकथा आणि तिकीटविक्री यांत त्यांना विरोध दिसला नाही. त्या धाडसातूनच मराठी रंगभूमी उभी राहिली.

म्हणजे 'देव हरला तर?' या प्रश्नाचे उत्तर 'खेळच नको' हे नाही. उत्तर आहे: नियम असा रचा की देवाच्या पराभवाचा प्रसंगच येऊ नये. खेळणारा देव नसावा, भक्त असावा. राम नसावा, सेतू बांधणारा एखादा वानर असावा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली आणलेल्या 'राजी: ॲन एन्शंट एपिक' या गेममध्ये नेमके हेच केले आहे. नायिका आहे एक सामान्य मुलगी, राजी. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधात ती निघते. दुर्गामाता आणि विष्णू तिची कथा सांगतात, तिला शस्त्रे मिळतात. पण लढते आणि चुकते ती राजी. चित्रे पहाडी शैलीची, कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या धाटणीचे. जगभरच्या समीक्षकांनी त्याची दखल घेतली.

आणि हिंदू समाजाने? या निर्मात्यांनी २०१७ साली लोकवर्गणीसाठी जाहीर आवाहन केले होते. अपेक्षित रक्कम जमली नाही. चौकाचौकांत ध्वनिवर्धकांच्या भिंती उभारण्यासाठी ज्या समाजाकडे पैसा असतो, त्याच्याकडे दुर्गामातेच्या कथेसाठी तो नव्हता. 'स्माइट'च्या निषेधाची बातमी ज्यांनी आवर्जून वाचली, त्यांतील कितींनी 'राजी'चे नाव ऐकले आहे, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनाशी विचारावा.

चीनचा वानर

तिकडे चीनने काय केले? ऑगस्ट २०२४ मध्ये 'ब्लॅक मिथ: वुकोंग' हा गेम आला. सोळाव्या शतकातील 'पश्चिमेचा प्रवास' या चिनी कादंबरीतील वानरवीर सुन वुकोंग हा त्यामागील नायक. ज्या ह्युएन त्संगच्या भारतयात्रेवरून ती कादंबरी रचली गेली, तो बौद्ध यात्रेकरू भारतात ज्ञान शोधत आला होता. त्या वानरवीरावर हनुमंताची छाया आहे, असे अनेक विद्वानांचे मत आहे. या गेमच्या एक कोटी प्रती अवघ्या तीन दिवसांत खपल्या. त्यातील मंदिरे खऱ्या मंदिरांवरून रेखाटलेली असल्यामुळे चीनच्या शान्शी प्रांतातील प्राचीन देवळांकडे तरुणांची रीघ लागली.

ज्या देशाने देव-धर्म मोडीत काढण्यासाठी सांस्कृतिक क्रांती केली, त्या देशाचा वानर आज जगभरच्या मुलांच्या हातात आहे. आणि ज्या देशात वेशीवेशीवर मारुती आहे, तेथे मारुतीच्या नावावर काय मिळते? एखाद्या लोकप्रिय धावपळीच्या गेममधील धावणारा मुलगा काढायचा, तेथे मारुतीचे चित्र डकवायचे, नाण्यांऐवजी लाडू ठेवायचे आणि दर दोन मिनिटांनी जाहिरात दाखवायची! हे नोहाच्या शेळ्यांपेक्षा वेगळे नाही. ही भक्ती नव्हे आणि खेळही नव्हे.

अकरा मारुतींचा पट

वास्तविक पट मांडलेलाच आहे. तो सातारा आणि सांगलीच्या भूमीवर साडेतीनशेहून अधिक वर्षे उभा आहे. समर्थ रामदासस्वामींनी सतराव्या शतकाच्या मध्यावर अकरा मारुती स्थापन केले. चाफळचे दोन, उंब्रज, मसूर, शहापूर, माजगाव आणि शिंगणवाडी हे सात सातारा जिल्ह्यात. बहे आणि बत्तीस शिराळा सांगली जिल्ह्यात. मनपाडळे आणि पारगाव कोल्हापूर जिल्ह्यात. प्रत्येकाची तऱ्हा निराळी. शहापूरचा चुन्याचा मारुती, शिंगणवाडीचा टेकडीवरचा, बह्याचा कृष्णेच्या पात्रातील बेटावरचा, माजगावचा तर गावच्या शिवेवरच्या पाषाणावर कोरलेला. गेमची भाषा जाणणारा कुणीही सांगेल की, अकरा टप्प्यांचा याहून सुंदर नकाशा कल्पनेने रचता येणार नाही.

आणि नियम? तोही समर्थांनी चाफळात कोरून ठेवला आहे. राममंदिरासमोर हात जोडून उभा दासमारुती आणि मंदिरामागे वीरश्रीने उभा प्रतापमारुती. एकाच देवाची दोन रूपे: सेवा आणि शक्ती. खेळाचा नियम असा करावा की, सेवेने शक्ती वाढावी आणि मिरवण्यासाठी वापरली की ओसरावी. रामायण सांगते की, ऋषींच्या शापाने हनुमंताला स्वतःच्या बळाचा विसर पडला होता. जांबवंताने आठवण दिली तेव्हा तो समुद्र लंघून गेला. म्हणजे सोबत्याने आठवण दिल्याविना बळ जागत नाही. एकट्याने खेळण्याच्या व्यसनावर याहून चांगला उतारा कोणता?

सुंदरकांडातील समुद्रोल्लंघन पाहावे. तीन अडथळे आहेत. मैनाक पर्वत विश्रांतीचा आग्रह करतो; हनुमान त्याला आदराने स्पर्श करतो आणि न थांबता पुढे जातो. सुरसा जबडा पसरते. तो युक्तीने इवलासा होऊन तिच्या मुखात शिरतो आणि बाहेर पडतो. सिंहिका सावली पकडून ओढते. तिच्याशी मात्र तो लढतो. तीन संकटे आणि तीन उत्तरे: विनय, बुद्धी, पराक्रम. लढायचे ते केवळ एकदा. परक्या बेटावरच्या खेळात प्रत्येक प्रश्नाचे उत्तर बंदूक असते. वाल्मीकींच्या रचनेत कुठे नमावे, कुठे युक्ती लढवावी आणि कुठे भिडावे, हे ओळखणे हाच खेळ आहे. मूल हे दहा वेळा चुकेल आणि अकराव्यांदा त्याला उमगेल. ते उमगणे शंभर व्याख्यानांहून खोल जाईल.

समर्थांचे मारुती केवळ पूजेसाठी नव्हते, बलोपासनेसाठी होते. म्हणून या गेमने मुलाला पडद्यावर खिळवून ठेवू नये. टप्पा पूर्ण झाला की पुढचे दार प्रत्यक्ष सूर्यनमस्कार घातल्यावर उघडावे, प्रत्यक्ष चाफळला किंवा बह्याला गेल्यावर उघडावे. सातारा जिल्ह्यातील औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला आणि स्वतः कुंचला घेऊन चित्ररामायणही रंगवले. कला आणि व्यायाम एकाच माणसाच्या हाती नांदले, ते याच भूमीत.

आता काम कुणाचे?

सामग्रीची वाण नाही. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून अभियंते घडवीत आहेत. ते अभियंते पुण्या-बंगळूरला परक्या कंपन्यांची कामे करतात, कारण गावात त्यांना असे काम कुणी सांगितलेलेच नाही. वाईला विश्वकोशाची आणि शास्त्राध्ययनाची परंपरा आहे. कथेची शुद्धता तपासणारे तेथे मिळतील. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पार्श्वसंगीत परक्या यंत्रातून आणण्याचे कारण नाही. सरकारही अनुकूल आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैशाच्या ऑनलाइन जुगाराला आळा घातला आणि शैक्षणिक व सामाजिक खेळांना उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले. मुंबईत त्याच वर्षी या क्षेत्रासाठी राष्ट्रीय संस्था सुरू झाली. उणीव आहे ती समाजाच्या इच्छाशक्तीची.

गणेशोत्सव मंडळांनी, देवस्थानांनी, शिक्षणसंस्थांनी आपल्या खर्चातील लहानसा वाटा या कामासाठी काढावा. महाविद्यालयांत स्पर्धा घ्याव्यात. आणि जे तयार होईल ते तीन कसोट्यांवर निर्दयपणे घासून पाहावे. पहिली, देवाचे नाव काढून टाकले तरी मूल तो खेळ पुन्हा मागेल का? मागणार नसेल, तर तो खेळ नव्हे, प्रवचन आहे. दुसरी, देवाच्या जागी दुसरे कुठलेही नाव घातले तरी नियम तसाच चालतो का? चालत असेल, तर श्रद्धा केवळ रंगापुरती आहे. तिसरी, शेजारी बसून पाहणाऱ्या आजीच्या मनाला कुठे ओरखडा तर उठत नाही ना? पहिली कसोटी रंजनाची, दुसरी निष्ठेची, तिसरी मर्यादेची. तिन्हींवर उतरेल तोच गेम समाजाने उचलून धरावा.

पहिले प्रयत्न फसतील, हेही गृहीत धरले पाहिजे. 'बायबल ॲडव्हेंचर्स'पासून जोएलच्या खोलीपर्यंत पोहोचायला ख्रिस्ती निर्मात्यांना पंचवीस वर्षे लागली. पहिल्याच चुकीवर निर्मात्याला झोडपणारा समाज दुसऱ्या प्रयत्नाला पात्र ठरत नाही. चूक दाखवावी, पण दाखवणाऱ्याने वर्गणीची पावतीही फाडावी.

चिंतामणरावांनी कर्कीच्या मंडळींचा निषेध केला नाही, त्यांच्यावर बंदी घातली नाही, आणि टाळ्या वाजवून ते स्वस्थही बसले नाहीत. शेजारी पाहून त्यांनी आपल्या तरुणाला सांगितले, तू कर, आणि याहून चांगले कर. येत्या ५ नोव्हेंबरला सांगलीत नटराजाचे पूजन होईल तेव्हा समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्या किती जणांच्या ओठांवर हे वाक्य असेल? घरी नातू वाट पाहतो आहे. त्याच्या हातातून मोबाइल हिसकावून घेण्यासाठी बळ लागत नाही. त्या मोबाइलमध्ये मारुती उतरवण्यासाठी मात्र लागते. आणि ते बळ आहे, याची आठवण देणारा जांबवंत समाजाला स्वतःच व्हावे लागेल.